युद्धनौकेच्या पोटात एचडीआर: माझे फोटो असे प्लास्टिकचे का दिसतात?

झरोका

मंडळी, मदत हवी आहे. फोटो खाली टाकलेत. शिव्या घालायला हरकत नाही, फक्त कारण सांगून घाला.

गेल्या महिन्यात लंडनमध्ये एचएमएस बेलफास्ट पाहिली. दुसऱ्या महायुद्धातली ही क्रूझर थेम्सच्या दक्षिण काठाला, टॉवर ब्रिजजवळ बांधून ठेवली आहे. १९३८ साली पाण्यात उतरली, १९७१ पासून संग्रहालय आहे. नऊ डेक आहेत आणि वरच्या ब्रिजपासून पार तळाच्या बॉयलर रूमपर्यंत उतरता येतं. शिड्या इतक्या उभ्या की कॅमेरा गळ्यात अडकवून उतरताना दर पायरीला लेन्स लोखंडावर आपटते की काय अशी धाकधूक.

अडचण अशी. एका केबिनमध्ये एकच पोर्टहोल, म्हणजे गोल खिडकी होती. बाहेर लख्ख ऊन, आत मिणमिणता दिवा. खोली दिसेल असं एक्स्पोजर घेतलं की पोर्टहोलच्या जागी पांढरा ठिपका. पलीकडचा काठ दिसेल असं घेतलं की आत काळाकुट्ट अंधार. म्हटलं एचडीआर करू, म्हणजे उजळ-गडद असे फोटो एकत्र करून खोली आणि बाहेरचं दोन्ही एका फोटोत आणू. ऑटो ब्रॅकेटिंग लावलं (कॅमेरा आपोआप कमी-जास्त उजेडाचे फोटो घेतो), ३ फोटो, १-१ स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), कॅमेरा हातातच. घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केले आणि जे बाहेर पडलं ते फोटो १ मध्ये बघा. भिंती तेल लावल्यासारख्या, प्रत्येक रिव्हेटला काजळ घातल्यासारखी कड, पोर्टहोलभोवती देवाच्या तसबिरीत असतं तसं तेजोवलय. आणि इतकं करून पोर्टहोल पांढरं ते पांढरंच!

फोटो २ बॉयलर रूमचा. फोटो ३ वरच्या डेकवरून, पुढच्या तोफा आणि मागे ढग. फोटो ३ मधल्या एका गृहस्थांना तीन हात आहेत.

ओव्हरएक्स्पोज्ड

तीन हातवाले गृहस्थ आवडले. गोळे भरायला उपयोगी माणूस.

निळूभाऊ

एचडीआर हा प्रकारच मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. एक काळ असा होता की जो तो गंजलेली गाडी नाहीतर पडकी इमारत धरायचा आणि स्लायडर उजवीकडे ढकलायचा. तो रोग गेला म्हणून आनंदात होतो. एक रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) घ्यावी, सावल्या थोड्या उचलाव्यात, विषय संपला. आजचे सेन्सर १३-१४ स्टॉप सहज पकडतात.

फ_बाय_आठ

निळूभाऊ, १३-१४ स्टॉप मिळतात ते आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर. झरोका, केबिनमधल्या मधल्या फोटोचे आकडे द्याल का? शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ.

झरोका

एफ/४, १/६० सेकंद, आयएसओ ३२००. बाकीचे दोन १/१२५ आणि १/३०.

फ_बाय_आठ

मग तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच आहे. गणित मांडतो, कंटाळा करू नका.

लख्ख उन्हासाठी जुना ठोकताळा आहे: एफ/१६ वर शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. तुमच्या ३२०० वर ते झालं १/३२००. एफ/१६ वरून एफ/४ वर आलात की लेन्सचं भोक मोठं होऊन १६ पट उजेड वाढतो, म्हणून शटर १/५१२०० हवं. सेकंदाचा एक्कावन्न हजारावा भाग! बहुतेक कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० नाहीतर १/८००० ला थांबतं. आणि तुम्ही थांबलात १/१२५ ला. खोली आणि काठ यांत जवळजवळ १० स्टॉपचं अंतर होतं आणि तुमच्या ब्रॅकेटिंगने त्यातले एकूण २ भरले. सॉफ्टवेअर काय करणार? जे तिन्ही फाइलींमध्ये नाही ते ते आणणार कुठून? मग ते आहे त्यातच कॉन्ट्रास्ट खरवडतं. काजळ आलं ते तिथून.

दुसरं, आयएसओ दुप्पट केला की साधारण एक स्टॉप रेंज (उजळ-गडद यांतला पकडता येणारा फरक) जाते. ३२०० पर्यंत चढताना पाचेक स्टॉप हातचे गेले. म्हणजे जास्त रेंज हवी म्हणून निघालात आणि दारातच निम्मी चप्पल काढून ठेवलीत.

तीच केबिन ट्रायपॉडवर घेतली असती तर: आयएसओ १००, एफ/८, फोकस एकदा लावून मॅन्युअल, अ‍ॅपर्चरला शेवटपर्यंत हात नाही, फक्त शटर बदलायचं. १/५००, १/६०, १/८, १ सेकंद, ८ सेकंद. तीन-तीन स्टॉपच्या अंतराने पाच फोटो. १/५०० मध्ये नदी आणि काठ, १ सेकंदाच्या फोटोत खोली, ८ सेकंदाच्या फोटोत बंकखालचे कोपरे. तो शेवटचा बहुतेक वेळा टाकूनच द्याल, पण घेऊन ठेवायचा. कॅमेऱ्याचं ब्रॅकेटिंग तीन फोटोंवरच अडत असेल तर शटरचं चाक हाताने फिरवा, प्रत्येक वेळी २ सेकंदांचा टायमर लावून.

रात्रपाळी

बाळबोध प्रश्न. जहाज पाण्यावर डोलतं ना? मग ८ सेकंदांचं एक्स्पोजर कसं टिकणार?

खारावारा

बाळबोध अजिबात नाही, इथेच भले भले फसतात. मी चालत्या जहाजांवर फोटो काढलेत, त्यावरून सांगतो.

ट्रायपॉड जहाजावर उभा आहे. खोलीही जहाजाचीच. डोलतात ती दोघं एकदम. खोलीच्या दृष्टीने कॅमेरा दगडासारखा स्थिर आहे. हलतं ते पोर्टहोलमधलं जग! क्षितिज गोल चौकटीत वर-खाली सरकताना दिसतं, पण समोरच्या टेबलावरचा टेलिफोन ८ सेकंदांच्या फोटोतही कोरल्यासारखा येतो. बाहेरच्या जगासाठी तुम्ही फक्त १/५०० वापरणार आहात, तेवढ्यात जहाज कुठे जातंय? ज्याला लांब एक्स्पोजर हवं ते आपल्यासोबत डोलतं, जे डोलत नाही त्याला आखूड पुरतं. इतका सरळ सौदा जमिनीवरच्या देवळातही मिळत नाही, तिथे बाहेरची झाडं हलतात आणि आतली माणसंही.

गंमत पुढे आहे. घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये ‘आपोआप जुळवा’ अशी खूण असते ती काढून टाका. ते बिचारं सगळ्या फोटोंमध्ये सारख्या खुणा शोधतं. कधी त्याला पोर्टहोलमधला पलीकडचा काठ सापडतो आणि तो जुळवायच्या नादात ते अख्खी खोली तिरकी करतं. मी एकदा दोन तास डोकं धरून बसलो होतो की ट्रायपॉडवरून घेतलेले फोटो जुळत का नाहीत.

बेलफास्ट बांधलेली असली तरी तरंगती आहे. भरती-ओहोटीला वर-खाली होते आणि जवळून बोट गेली की जरा हलतेसुद्धा. नियम तोच.

खरा शत्रू वेगळा: कंप. चालत्या जहाजावर जनरेटर अखंड सुरू असतात आणि लोखंडी डेक तो थरथराट थेट ट्रायपॉडच्या पायात पोचवतो. मधला दांडा वर काढू नका, पाय रुंद पसरा, खाली दुमडलेलं रबर नाहीतर जाड कापड घाला. इंजिन रूममध्ये पायाखाली सुट्या लोखंडी प्लेटा नाहीतर जाळ्या असतात, त्यावरून कोणी चाललं की तीन माणसांपलीकडचा कॅमेराही उडतो. पावलं थांबेपर्यंत थांबायचं. संग्रहालयात इंजिन बंद असतात, पण शाळेची सहल चालू असते.

निळूभाऊ

डोलण्याचा मुद्दा पटला. नवीन होता माझ्यासाठी. एचडीआर अजून पटलेलं नाही.

झरोका

खारावारा, भारीच! पण मी ट्रायपॉड नेलाच नव्हता. त्या वाटांमधून दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं. तिथे ट्रायपॉड उघडला असता तर मागच्या रांगेने मला नदीत सोडलं असतं.

खारावारा

संग्रहालय कुठलंही असो, ट्रायपॉड चालतो का ते आधी विचारूनच जावं आणि परवानगी असली तरी सकाळी दार उघडताना पहिल्या दहा माणसांत शिरावं. नसेल तर जहाजच ट्रायपॉड. सगळीकडे लोखंड आहे, टेका! हॅचचा उंबरठा, शिडीचा कठडा, बल्कहेडचा (आतल्या भिंतीचा) कोपरा. कॅमेरा त्यावर दाबून धरायचा, टायमर लावायचा, श्वास रोखायचा. अर्ध्या सेकंदापर्यंत निघतं.

रात्रपाळी

मी अशाच एका जहाजावर फोनने काढले होते. खिडकीही दिसते, खोलीही दिसते, हललेल्या माणसांची भुतंही नाहीत. फोनला हे कसं जमतं? त्याचा सेन्सर तर नखाएवढा.

फ_बाय_आठ

फोन बऱ्याचदा वेगळ्या वाटेने जातो. तो उजळ-मध्यम-गडद असे फोटो घेण्याऐवजी एकाच आखूड एक्स्पोजरचे पटापट बरेच फोटो घेतो, मुद्दाम गडद, म्हणजे खिडकी जळत नाही. मग ते जुळवून त्यांची सरासरी काढतो. सावलीतला दाणेदारपणा प्रत्येक फोटोत वेगळा पडतो, त्यामुळे सरासरीत तो विरतो. ९ फोटोंची सरासरी काढली की दाणे एक तृतीयांश, १६ ची काढली की एक चतुर्थांश. वर्गमुळाचा हिशोब आहे. गूगलच्या लोकांनी ‘एचडीआर प्लस’ नावाने २०१६ साली ही पद्धत निबंधात मांडली होती.

झरोकासारख्या ट्रायपॉडविना फिरणाऱ्यांना मी मोठ्या कॅमेऱ्यावरही हेच सांगेन. खिडकी वाचेल असं एक्स्पोजर, बर्स्टवर (एकापाठोपाठ) १६ फोटो, घरी येऊन थर लावून सरासरी. दहा स्टॉपचं अंतर यातून पूर्ण भरत नाही, पण चार-पाच स्टॉपचं असेल तर फोटो हातातला वाटत नाही.

तांडेल

या धाग्यावर फोटोग्राफीतलं बोलणारे बरेच आहेत, मी जहाजातलं बोलतो. नोकरीचा पहिला काळ वाफेवर चालणाऱ्या नौदलाच्या जहाजांवर काढला, तोही तुमच्या फोटो २ मधल्यासारख्या जागी. बेलफास्टवर चार बॉयलर आणि चार टर्बाइन, मिळून ८०,००० अश्वशक्ती. आमची एवढी मोठी नव्हती, पण कुळ एकच.

झरोका, तुमच्या फोटोत सगळं दिसतंय. तेच चुकलंय.

बॉयलर रूममध्ये सगळं कुणी बघत नाही. गेजच्या तबकड्या बघतो, पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी बघतो, बर्नरशेजारच्या भोकातून ज्वालेचा रंग बघतो. बाकी सगळं हाताला माहीत असतं. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या पाइपामागे आहे हे अंधारातही कळतं, नाहीतर तिथे उभं राहायचा अधिकारच नाही. दिवे लावलेलेच असे असतात की जिथे डोळा गेला पाहिजे तिथे उजेड. तुमच्या फोटोत पाइपांवरच्या पांढऱ्या लॅगिंगमागची (उष्णता अडवणाऱ्या आवरणामागची) धूळ आणि गेजची तबकडी सारख्याच उजळ आहेत. मला क्षणभर कळेना की बघायचं काय. तुमच्या सॉफ्टवेअरने पाळीवरच्या माणसाची नजरच काढून घेतली.

आणि त्या पोर्टहोलबद्दल. पोर्टहोलला आतून एक जाड लोखंडी झाकण असतं, त्याला डेडलाइट म्हणतात. युद्धात रात्री जहाज काळं ठेवायचं म्हणजे ते आवळून बंद. बाहेर एक किरण गेला नाही पाहिजे. तुम्ही ज्या उन्हाशी दहा स्टॉपची कुस्ती खेळताय ते ऊन त्या खोलीत फक्त शांततेच्या दिवसात यायचं.

कोळिष्टक

तांडेलकाका, दंडवत. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

काळोखाचं निघालंच आहे तर हेच जहाज उत्तर केपच्या लढाईत होतं, २६ डिसेंबर १९४३. आर्क्टिकचा हिवाळा, सूर्य उगवतच नाही, वर बर्फाळ वारा. जर्मन युद्धनौका शार्नहॉर्स्ट रडारवर सापडली, पण डोळ्याला दिसणार कशी? बेलफास्टने स्टार शेल उडवले, म्हणजे हवेत फुटून जळत खाली येणारे उजेडाचे गोळे. त्या उजेडात शार्नहॉर्स्ट उघडी पडली आणि संध्याकाळपर्यंत बुडाली. तिच्यावरच्या १,९०० हून जास्त माणसांपैकी ३६ वाचली. त्या दिवशी त्या समुद्राची डायनॅमिक रेंज काय असेल याचा विचार करतोय.

निळूभाऊ

काका, म्हणजे मी जे पहिल्यापासून म्हणतोय तेच तुम्ही म्हणालात. एचडीआर नकोच.

तांडेल

मी असं कुठे म्हणालो? काळोख ठेवा म्हणालो. दिसण्यासारखं जे आहे ते नीट दिसू दे की.

फ_बाय_आठ

निळूभाऊ, इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि झरोकांच्या फोटोतही तीच झाली आहे. रेंज गोळा करणं हे एक काम. गोळा केलेलं पडद्यावर कसं मांडायचं, हे दुसरं.

पहिलं काम मोजमापाचं आहे. पाच फोटोंमधून प्रत्येक ठिपक्याचा खरा उजेड काढायचा. डेबेव्हेक आणि मलिक यांचा १९९७ चा निबंध नेमका याचाच आहे. त्यात मताला जागा नाही. दहा स्टॉप म्हणजे हजार पट, पंधरा स्टॉप म्हणजे बत्तीस हजार पट, तेवढा फरक फाइलीत बसतो. पण साध्या पडद्यावर तो मावत नाही, दाबावा लागतो, आणि टोन मॅपिंग म्हणजे तेच दाबणं. कुठे किती दाबायचं हा निर्णय आहे. झरोकांनी तो स्लायडरवर सोपवला आणि स्लायडरला बिचाऱ्याला गेज कुठलं आणि धूळ कुठली हे कळत नाही. तो प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याच्या मानाने मधल्या उजेडावर आणून ठेवतो. झगझगीत पोर्टहोलच्या बाजूची भिंत एका हिशोबाने दाबली जाते, जरा लांबची दुसऱ्या हिशोबाने, आणि मधल्या पट्ट्यात तेजोवलय उगवतं.

माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. टोन मॅपिंगऐवजी एक्स्पोजर फ्यूजन. हे २००७ साली मर्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. यात उजेडाचं मोजमाप न करता प्रत्येक फोटोतला चांगला भाग उचलून मऊपणे एकमेकांत मिसळतात. एनफ्यूज नावाचं फुकट साधन हेच करतं. निकाल जरा मवाळ येतो, आणि मवाळच हवा. त्यानंतर, आणि हे काकांच्या प्रतिसादाआधी मी करत नव्हतो, सावल्या हाताने पुन्हा खाली ओढायच्या. मास्क लावून (म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून), एकेक. गेजच्या तबकड्या सोडायच्या, मागचे पाइप बुडू द्यायचे. पितळेवरची चमक जळली तर जळू दे, चमकच ती.

निळूभाऊ

ठीक आहे. गोळा करायला माझी हरकत नाही. मांडण्याला आहे. यावर तह करू.

रात्रपाळी

ट्यूबलाइटचं काय? माझ्या फोटोंमध्ये एकात भिंत हिरवट, दुसऱ्यात पिवळी, तिसऱ्यात आडवा काळा पट्टा. जहाजात तर सगळीकडे ट्यूबच.

फ_बाय_आठ

५० हर्ट्‌झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/५०० चं शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतं, म्हणून रंग आणि उजेड दर फोटोत वेगळा. १/५० पेक्षा संथ गेलात की त्रास संपतो. ब्रॅकेटिंगमध्ये आखूड फोटो लागतोच, पण त्यातून आपण घेणार फक्त पोर्टहोल आणि तिथे ऊन आहे, ट्यूब नाही. त्यामुळे आखूड फोटोतली भिंत हिरवी असो की जांभळी, ती वापरायचीच नाही. खुद्द ट्यूब चौकटीत असेल तेव्हाच पंचाईत, मग ती खांबामागे जाईल अशी जागा शोधायची.

रंगाचं दुखणं निराळं. ट्यूबप्रमाणे खोली बरोबर केली की बाहेरचं ऊन निळं पडतं. मी ते पूर्ण काढत नाही. थोडं निळं राहिलं की बाहेर हवा आहे असं वाटतं.

ओव्हरएक्स्पोज्ड

लाल दिव्यांचं पण सांगा कुणीतरी. मी एका पाणबुडी संग्रहालयात गेलो होतो, कंट्रोल रूम पूर्ण लाल. माझे फोटो टोमॅटोच्या सॉससारखे आले.

तांडेल

लाल दिवे रात्रीसाठी. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. पांढरा दिवा एकदा डोळ्यावर पडला की ती कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेड अंधारात बघणाऱ्या पेशींना फारसा दिसतच नाही, म्हणून त्यात नकाशा वाचून माणूस लगेच बाहेरच्या काळोखात बघू शकतो.

फ_बाय_आठ

आणि कॅमेरा तिथेच फसतो. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) छान मधोमध दिसतो, पण तिन्ही रंगांचे वेगळे आलेख उघडून बघा: लाल उजव्या भिंतीला आदळलेला, हिरवा-निळा जवळजवळ रिकामा. जळलेल्या लालात तपशील उरत नाही, म्हणून सॉस. लाल आलेख भिंतीपासून सुटेपर्यंत एक-दोन स्टॉप गडद घ्या, ब्रॅकेटिंगही गडद बाजूलाच करा. व्हाइट बॅलन्स ‘सुधारायला’ तर जाऊच नका.

कोळिष्टक

फोटो ३ कडे कुणी बघितलंच नाही, तीन हात सोडून. डेकवर पाणी, ढग, माणसं, झेंडा, सगळंच हलतं, त्यामुळे ब्रॅकेटिंगमध्ये भुतं येणारच. समुद्रावरचं हे दुखणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. १८५० च्या दशकातल्या कोलोडियनच्या काचा (तेव्हाच्या निगेटिव्ह) निळ्या उजेडाला फार हळव्या, पाणी नीट घेतलं की आकाश कोरं पांढरं. फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच घेऊन, क्षितिजावर जोडून एका कागदावर छापली. दोन एक्स्पोजर, एक फोटो. सॉफ्टवेअर नव्हतं, कात्री होती.

त्यांना एक सोय होती: क्षितिज सरळ. जहाजावरून घेताना डोलकाठी, रडार, दोरखंड, अँटेनाच्या तारा आकाशात घुसलेल्या असतात. सरळ रेषेत आकाश गडद केलं की डोलकाठीचं वरचं टोकही काजळतं. म्हणून उजेडावर चालणारा मास्क लागतो. खरं सांगू? डेकवर निळूभाऊंचंच बरोबर. आयएसओ १००, ढग जळणार नाहीत असं एक्स्पोजर, एकच रॉ, सावल्या घरी उचला. राखाडी जहाज त्याला फार समजूतदार असतं, उजळ आणि काळ्याच्या अर्ध्या अंतरावर आधीच उभं असतं.

निळूभाऊ

धागा सार्थकी लागला.

खारावारा

एक गोष्ट राहून जाते आहे, ती संग्रहालयांना लागू नाही, सेवेतल्या जहाजांना आहे. लोकांसाठी जहाज खुलं ठेवतात तेव्हा अधिकारी सांगतात, इकडे कॅमेरा वळवा, तिकडे नको. ते ऐकायचं, वाद घालायचा नाही, हे तर झालंच. पण एचडीआरवाल्यांसाठी एक जास्तीचा काटा आहे. आपण सावल्या उचलतो, म्हणजे डोळ्याला जे दिसलं नाही ते फोटोत दिसतं. मला एकदा रीतसर परवानगी होती, फोटो एका वाटेचा, निरुपद्रवी. घरी येऊन फोटो एकत्र केले आणि मागच्या अंधारातला फळा वाचता यायला लागला. नावं, वेळा, काय काय. तिथे उभा असताना मला फळा आहे हेसुद्धा कळलं नव्हतं, आणि मला परवानगी देणाऱ्यालाही नसणार. ती सगळी मालिका पुसली. तेव्हापासून सेवेतल्या जहाजाचा फोटो टाकण्याआधी प्रत्येक काळा कोपरा पूर्ण उजळवून बघतो, मग पुन्हा काळा करतो. त्या काळ्यातही वाचण्यासारखं काही उरत असेल तर फोटो टाकतच नाही. फोनमधली ठिकाणाची नोंदही बंद.

झरोका

तीन दिवस बसून सगळं पुन्हा केलं. नवे फोटो टाकलेत.

केबिनचं काही होण्यासारखं नव्हतं, दहा स्टॉप माझ्याकडे नाहीतच. मग ठरवलं, पोर्टहोल पांढरं राहू दे. १/१२५ चा गडद फोटो एकटाच घेतला आणि खोली आणखी अर्धा स्टॉप खाली नेली. आता त्या ठिपक्यातून टेबलाच्या कडेवर आणि बंकच्या चादरीवर उजेड उतरलेला दिसतो. आधीच्या फोटोत तो होता, पण मी भिंतीच इतक्या उजळवल्या होत्या की तो बुडाला होता.

बॉयलर रूमचे तिन्ही फोटो फ्यूजनमधून काढले, मग काका म्हणाले तसं मागचं सगळं बुडवलं. मास्क करताना लक्षात आलं की त्या जागेत मी वीस मिनिटं होते आणि गेजकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. मी पाइपच बघत होते.

डेकचा फोटो एकाच रॉमधून.

तांडेल

बॉयलर रूम बरीच सुधारली. डावीकडून दुसरी तबकडी अजून जास्त उजळ आहे, तिच्याकडे कुणी रोज बघत नाही. तिला खाली घ्या. आणि काचनळीच्या खालच्या टोकाला थोडा उजेड द्या, पाणी तिथे दिसायला हवं. पाण्याची पातळी दिसेना झाली की बॉयलर रूममध्ये सगळ्यात आधी घाम फुटतो.

झरोका

केलं काका. आता बघा.

तांडेल

हां.

ओव्हरएक्स्पोज्ड

आणि तीन हातवाले गृहस्थ?

झरोका

एकाच रॉमध्ये गेल्यावर त्यांना दोनच हात निघाले. तिसरा शेजारच्या मावशींचा होता.